दप्तराची शिस्त

सरकारी कारभारात सुधारणा व्हावयाची म्हणजे नवे खाते उघडावयाचे, नवी इमारत उभारावयाची किंवा नवे यंत्र आणावयाचे, असा आपला दृढ समज होऊन बसला आहे. परंतु 1980 च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीत जी सुधारणा घडवली, आणि जी पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर परिचित झाली, तिच्यासाठी जुनेच कारकून, जुनेच नियम आणि वर्षानुवर्षे साचलेले रुमाल एवढेच भांडवल पुरेसे ठरले.

सामान्य रयतेचा अर्ज अडतो तो दर वेळी कोणाच्या दुष्ट हेतूमुळेच अडतो असे नाही. पुष्कळदा तो ज्या नस्तीत असतो ती नस्तीच सापडत नाही. कागदांची वर्गवारी सांगणारे नियम पूर्वापार होतेच: ‘अ’ वर्गाचे कागद कायम जतन करावयाचे, ‘ब’ वर्गाचे 30 वर्षे, ‘क’ वर्गाचे त्याहून कमी काळ आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभरानंतर नष्ट करावयाचे. उणीव होती ती अंमलाची. लखिनांनी तो अंमल बसवला, निरुपयोगी कागदांची निंदणी करवली आणि प्रत्येक टेबलाचे काम लेखी ठरवून दिले.

आजही आपल्या कचेऱ्यांत रूढ असलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत याच शिस्तीची आहे. ज्यांवर कार्यवाही करावयाची ती प्रलंबित प्रकरणे, ज्यांत दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावयाची ती प्रतीक्षाधीन, मग नियतकालिक विवरणे, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षाकडे धाडावयाचे कागद आणि शेवटी नष्ट करावयाचे, अशी ही मांडणी असल्यामुळे कारकून रजेवर गेला किंवा त्याची बदली झाली, तरी त्याच्या खुर्चीवर येणाऱ्यास काय उरले आहे हे तत्काळ उमगते. माझ्या मते या प्रयोगाचे खरे मोल येथेच आहे. कर्तबगार अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो, पण कनिष्ठ कारकुनाच्या हाताला लागलेली रीत मागे राहते. जेथे हे गठ्ठे केवळ दप्तर तपासणीच्या आदल्या दिवशी बांधले जातात, तेथे मात्र ती रीत निष्प्राण होते.

महाराष्ट्राच्या 2005 च्या विलंब प्रतिबंधक अधिनियमानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः कामकाजाच्या 7 दिवसांहून अधिक काळ राहता कामा नये. आपला अर्ज रखडला असेल, तर तो कोणाच्या टेबलावर आणि केव्हापासून आहे, हे वाचकांनी निःसंकोच आणि लेखी विचारावे.