तीन तासांच्या ताऱ्यासाठी रात्रभर बसणारं कोणी हवं

चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५मध्ये आली आणि ३,२०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं सगळीकडे कौतुक झालं. ते रास्तच आहे. पण हा कॅमेरा आकाशाचा एक तुकडा अर्ध्या मिनिटात टिपतो आणि काही रात्रींनी तिथे परततो. दर तीन तासांनी उजळणाऱ्या ताऱ्यापुढे सलग ठाण मांडायला लहान दुर्बीणच लागते.

त्या कामातलं एक मोठं नाव हैदराबादचं आहे: कृष्ण दामोदर अभ्यंकर. निजामिया वेधशाळेची धुरा हाती येण्यापूर्वी, १९५९मध्ये, त्यांनी आठ अल्पावधी रूपविकारी, म्हणजे थोड्या काळात तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक लघुलुब्धक समूहातला ‘एडी कॅनिस मायनॉरिस’. त्याचा आवर्तकाल सुमारे २ तास ५७ मिनिटं.

एवढ्या एका आकड्यातून केवढं कळतं! असा तारा उजळतो-मंदावतो तो फुगण्या-आकसण्यामुळे, आणि फुगतो-आकसतो तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे आणि वायूच्या दाबामुळे. या फुगण्या-आकसण्याचा वेग ताऱ्याच्या सरासरी घनतेवर ठरतो. आवर्तकालाला घनतेच्या वर्गमुळाने गुणलं, की एका जातीच्या ताऱ्यांसाठी जवळपास ठरलेलाच आकडा येतो. त्या हिशेबाने या ताऱ्याची घनता सूर्याच्या सुमारे सात टक्के, म्हणजे पाण्याच्या एक दशांश निघते. वस्तुमान सूर्याच्या पावणेदोन पट धरलं, तर त्रिज्या जवळजवळ तिप्पट येते.

पण हे वस्तुमान गृहीत धरलेलं. त्याला पडताळा हवा, आणि तो बाडे-वेसेलिंक पद्धत देते. वर्णपटरेषांच्या सरकण्यातून पृष्ठभागाचा वेग मिळतो. वेगांची बेरीज केली की तारा किती किलोमीटर फुगला ते कळतं. रंग, म्हणजेच तापमान, सारखं असलेल्या दोन क्षणांच्या तेजातला फरक निव्वळ आकाराचा असतो, त्यातून त्रिज्यांचं गुणोत्तर येतं. फरक किलोमीटरमध्ये आणि गुणोत्तर हाती आलं की त्रिज्या शाळेतल्या गणिताने सुटते, आणि ती आधीच्या त्रिज्येशी ताडता येते. दुर्बिणीइतकंच इथे घड्याळ महत्त्वाचं.

घड्याळाचा हिशेब तर पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तारा कमाल तेजाला नेमका कधी पोहोचला, याच्या जुन्या नोंदी नव्यांशी ताडल्या की आवर्तकाल बदलतोय का ते दिसतं. याच ताऱ्याला अदृश्य जोडीदार असावा, हा अंदाजही अशाच नोंदींवरून बांधला गेला. रुबिनचा कॅमेरा कितीही मोठा असला, तरी १९५९ची रात्र त्याला टिपता येणार नाही.

म्हणून उस्मानिया विद्यापीठाला विनंती आहे: आपल्या बेगमपेठेतल्या निजामियाच्या आणि जपाल-रंगापूर वेधशाळेतल्या ४८ इंची दुर्बिणीच्या जुन्या वेधवह्या व काचपट्ट्या शोधून संगणकावर आणा, आणि सगळ्यांना खुल्या करा.