आधी अंग पाहा, मग बैठका सांगा!

आमची धाकटी खो-खो खेळते. गेल्या वर्षी तिचा डावा गुडघा दुखू लागला. मैदानावरचे शिक्षक मोठे प्रेमळ. पण साऱ्या मुलींना औषध एकच – रोज १०० बैठका! दुखणे काही हटेना. मुलगी मात्र लंगडत घरी येऊ लागली. "पुरे झाला तो खेळ!" असा सौभाग्यवतींनी निकाल दिला, आणि त्या रात्री धाकटी जेवलीच नाही.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. बाईंनी गुडघा तपासला, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. तिला समोरून, बाजूने, पाठीमागून उभी पाहिली. चालवली, एका पायावर तोलायला लावली. मग दोन्ही हात डोक्यावर सरळ धरून खाली बसायला सांगितले. ती बसली मात्र, डावी टाच उचलली गेली आणि गुडघा आत कलला.

पुढची परीक्षा कोणाच्याही घरी होण्याजोगी. पाऊल भिंतीसमोर ठेवायचे, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल हळूहळू मागे न्यायचे. उजवा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर असतानाही गुडघा टेकला; डावा ५ वरच अडला.

"घोटा कधी मुरगळला होता का ग?" बाईंनी विचारले.

दीड वर्षापूर्वी मुरगळला होता. आम्ही विसरलो होतो. घोटा विसरला नव्हता! खो-खोत पाठलाग करणाऱ्यांपैकी ८ जण उकिडवे बसतात आणि 'खो' मिळताच उसळून धावतात. घोटा वाकेना, म्हणून भार गुडघ्यावर पडत होता. बैठकांनी त्यात भरच घातली होती.

मात्र अशा परीक्षा म्हणजे काही कुंडली नव्हे. ग्रे कुक आणि ली बर्टन या अमेरिकनांनी ७ हालचालींची एक चाचणी बसवली. प्रत्येक हालचालीला जास्तीत जास्त ३ गुण, एकूण २१. हालचाल करताना दुखले तर शून्य. १४ किंवा त्याहून कमी गुणांच्या फुटबॉलपटूंना दुखापती अधिक होतात, असे २००७ साली एका अभ्यासात दिसले. पुढच्या अभ्यासांनी मात्र दाखवले, की नुसत्या गुणांवरून कोण जायबंदी होईल हे सांगता येत नाही. शिवाय अगदी समतोल खांद्यांचा माणूस विरळाच. थोडा बाक म्हणजे रोग नव्हे. चाचणीचा उपयोग एवढाच, की सुरुवात कोठून करावी ते कळते.

बाईंनी बैठका कायमच्या बंद केल्या नाहीत, क्रम बदलला. आधी घोटा मोकळा करायचा, मग एका पायावरचा तोल, मग थोड्या बैठका; आणि दर पंधरवड्याला तीच भिंत, तीच फूटपट्टी. डावा अंगठा ८ वर पोचला, त्या दिवशी धाकटीने घर डोक्यावर घेतले. आता ती पुन्हा मैदानावर उतरली आहे.

त्या शिक्षकांना दोष कोणत्या तोंडाने देऊ? वीस वर्षे मीही पहिल्याच तासाला साऱ्या वर्गाला एकच निबंध घालीत आलो. यंदा पहिला तास मुलांचे नुसते बोलणे ऐकण्यात घालवला.