बैलगाडीची क्रेन, सायकलची ट्रॉली

सुरतजवळच्या कडोदरा चार रस्त्यावरून पूर्वेला निघालेला महामार्ग बारडोली, व्यारा, नवापूर करत धुळ्याला पोचतो. इथल्या मिलांत आणि सुरतच्या मागांवर राबणारी खानदेशी मंडळी सुटीला याच वाटेने गावी जातात. धुळ्याच्या पुढे मालेगाव, तेही यंत्रमागांचंच. तिथल्या शेख नासिरची गोष्ट कडोदऱ्यात सांगायलाच हवी.

नासिर व्हिडिओ पार्लर चालवायचा. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून तो स्वतःच एडिटिंग शिकला आणि 2000च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे 50 हजार रुपये. नट सगळे ओळखीपाळखीचे. ट्रॉली परवडत नाही, मग कॅमेरा सायकलवर. क्रेन हवी, मग बैलगाडी: मागच्या बाजूने भार दिला की पुढच्या दांडीवर बसलेला कॅमेरावाला अलगद वर. जुगाड म्हणून याला हसणाऱ्यांनी एकदा हे बघावं. उंचावरून दृश्य का हवंय, हे नासिरला पक्कं ठाऊक होतं. त्यासाठी साधन नाही म्हणून तो दृश्य सोडत नव्हता.

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. नायक शफीक शेख मागावरचा कामगार, अंगाने काटकुळा. त्याला उडवायला हिरवा पडदा आला. चित्रीकरणात कॅमेराच पाण्यात पडला, तरी काम थांबलं नाही. ही सारी धडपड फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या 2008च्या माहितीपटात आहे. शफीक 2011 साली तोंडाच्या कर्करोगाने गेला. त्यानंतर याच मंडळींवरचा रीमा कागतींचा चित्रपट ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी 2025मध्ये आपल्याकडे लागला.

स्वतंत्र सिनेमावाल्याची नेहमीची वाट महोत्सव, अनुदान, वितरक अशी, म्हणजे दर टप्प्यावर परक्याची पसंती. नासिरचा प्रेक्षक शुक्रवारी माग बंद ठेवून पार्लरमध्ये येणारा. तिकीट काढणारा आणि पडद्यावर दिसणारा एकाच गल्लीतले. त्याचं खरं भांडवल हेच होतं, असं मला ठामपणे वाटतं.

आज कडोदऱ्यातल्या कामगाराच्या खिशातला फोन नासिरच्या त्या कॅमेऱ्याहून सरस आहे. पाळी सुटल्यावर पोरं त्यावर अहिराणीत विनोदी तुकडे करू शकतात, पण ते जो तो आपापल्या फोनवर एकटाच बघणार. पडदा लावून सगळ्या चाळीला एकत्र बसवणारं एखादं पार्लर इथे कुणी उघडलं, तर पहिलं तिकीट मी काढीन.