पाहुणा यावा, पण गाव ओळखून यावा

शेतकरी बंधूंनो, एखाद्या पावसाळी रविवारी सकाळी कुंभिवलीच्या रस्त्याला जरा उभे राहा आणि येणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचा. ०१, ०२, ०३ मुंबईच्या, ०४ ठाण्याची, ४३ नवी मुंबईची, १२ पुण्याची. आपली ०६ त्यात शोधावी लागेल. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि खालापूर-कर्जत मुंबई-पुणेकरांच्या अंगणात आलं. डोंगर हिरवे झाले की ही मंडळी निघालीच. त्यांच्याशी बोलून पाहा, म्हणतील, "आमचं फार प्रेम आहे हो या जागेवर."

खोटं बोलत नाहीत ती. पण या प्रेमाचा हिशेब आपण कधी मांडला आहे का?

पाहुणे आपल्याला नवे नाहीत. माघी चतुर्थीला महडच्या वरदविनायकाला रीघ लागते. चैत्रात कोळी-आगरी बांधवांच्या पालख्या कार्ल्याच्या एकवीरेला निघतात, त्यातल्या कित्येक जुन्या रस्त्याने खोपोलीवरून बोरघाट चढतात. वाटेत मुक्काम, तिथंच जेवण, तिथंच भजन. पंढरीच्या वारीतही तेच. शेताच्या कडेला राहुट्या पडतात, पहाटे उठतात. वर्षातून एकदाच येणारी माणसं, पण कुणाच्या विहिरीचं पाणी प्यायलो, कुणाच्या ओटीवर टेकलो, हे ती विसरत नाहीत. पुढल्या वर्षी त्याच घरी येऊन आधी म्हातारीची चौकशी करतात. जागेवरचं प्रेम असं माणसांवरून जातं.

दुसरं उदाहरण आपल्याच तालुक्यातलं आहे आणि ते आठवलं की घास उतरत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर जाईनात, माणसांनाच पाऊलवाटेने चढावं लागलं. त्या काळोखात, पावसात सरकारी पथकांबरोबर परिसरातल्या गिर्यारोहक संस्थांची पोरंही चढली. गडावर येणारे ट्रेकर वाडीतल्या ठाकर घरांत भाकरी खाऊन जायचे. त्यांच्या लेखी ती नुसती 'दुर्घटनाग्रस्त वाडी' नव्हती, ओळखीची घरं होती.

आता दुसरी बाजू बघा. गाडी बांधावर लावायची, खाचरात उतरून फोटो काढायचा, बाटली तिथंच फोडायची आणि जायचं. लावणीच्या चिखलात आपण अनवाणी उतरतो. ती काच आपल्या बायकांच्या पायात घुसते. धबधब्यांवर आणि धरणांवर पावसाळ्यात प्रशासनाला बंदीचे हुकूम काढावे लागतात, तरी बुडणारे बुडतात आणि त्यांना शोधायला गावातलीच पोरं पाण्यात उतरतात. त्या बुडालेल्याचंही या जागेवर प्रेमच होतं. फक्त कुठला डोह खोल आहे हे सांगणारं त्याच्या ओळखीचं इथं कुणी नव्हतं.

म्हणजे फरक कशाचा? पाहुणा गाव ओळखतो की नाही, एवढाच. आणि ही ओळख करून देणं बरंचसं आपल्या हातात आहे.

कर्जत तालुक्यातल्या नेरळजवळ सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी हे करून दाखवलं. कृषी पर्यटन हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, त्या १९८० च्या दशकात त्यांनी शहरातली माणसं शेतावर आणायला सुरुवात केली. पाहुण्याला शेत, तळं, मासे, गुरं दाखवली आणि शेती चालूच ठेवली. नांगरणी-चिखलणीशिवाय भात पिकवण्याची सगुणा पद्धतही तिथलीच. जमीन विकली असती तर पैसा एकदाच मिळाला असता. ती राखली, म्हणून पाहुणे वर्षानुवर्षं येत राहिले.

आपल्याला तेवढं मोठं करायची गरज नाही. भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात. ज्यात वाल-हरभरा पेरला नाही, ती पुढच्या पावसापर्यंत रिकामीच असतात. तंबू त्यात पडू द्या, उभ्या पिकात नको. थंडीत पोपटी लावा. वालाच्या शेंगा आपल्या, भांबुर्ड्याचा पाला बांधावरचा, मडकं गावच्या कुंभाराचं. शहरातला माणूस त्यासाठी आनंदाने पैसे मोजतो. मग दर आपण ठरवावा आणि भाकरी आपल्याच घरची खाऊ घालावी.

पण एक सांभाळा. शेत भाड्याने घेऊन तंबू लावणारा ठेकेदार आला तर तोंडी बोलीवर देऊ नका. कचरा कोण उचलणार, संडासाची सोय काय, दुखापत झाली तर जबाबदार कोण, हे कागदावर घ्या. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आणि साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं. दोन्हींसाठी नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. ठेकेदाराला आधी नोंदणीचा कागद मागा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गाड्या कुठं लावायच्या, कुठल्या ओढ्यात उतरायचं नाही, कचरा कुठं टाकायचा, याचा फलक गावच्या नावानिशी फाट्यावर लावा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे, तेही त्यावर लिहा. पोलीस पाटलांचा फोन नंबर खाली असू द्या. गावातल्या चार पोरांना वाटाडे म्हणून उभं करा. डोहाची खोली त्यांना ठाऊक असते, आणि त्यांना रोजगारही मिळेल.

बंधूंनो, पाहुण्याला हाकलून गाव सुखी होणार नाही आणि मोकाट सोडूनही होणार नाही. पुढल्या रविवारी कुणी बांधावर गाडी लावली तर लगेच शिवी देऊ नका. जवळ जा, आपलं नाव सांगा, त्याचं विचारा, हे खाचर कुणाचं आहे ते दाखवा. ज्याला शेताच्या मालकाचं नाव ठाऊक असतं, त्याचा हात बाटली फोडायला सहसा उठत नाही.