विश्लेषण : पहिली रोड बाइक विकत घ्यावी की आधी भाड्याने चालवावी? माप, गिअर आणि खर्चाचे गणित काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये पुणे आणि परिसरातील रस्त्यांवर ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. बारीक टायरच्या, वाकड्या हँडलच्या सायकली पाहून तिशी-चाळिशीतल्या एखाद्याला ‘आपणही एक घ्यावी’ असे वाटले, तर नवल नाही. अशा वेळी पहिला प्रश्न असतो ‘कोणत्या कंपनीची घेऊ?’ खरे तर हा शेवटचा प्रश्न असायला हवा. त्याआधी आपले माप, आपला रस्ता आणि आपली सवय यांची उत्तरे मिळवावी लागतात. ती मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे महिनाभर भाड्याची सायकल.

रोड बाइक म्हणजे नेमके काय?

जुनी पिढी जिला ‘रेसिंग सायकल’ म्हणायची, तीच ही. हँडल खाली वळलेले, टायर अरुंद, सांगाडा हलका आणि बसण्याची ढब पुढे झुकलेली. सुरुवातीच्या किमतीतील ॲल्युमिनियमची रोड बाइक साधारण १० ते ११ किलोची असते. आपली जुनी काळी सायकल याच्या जवळपास दुप्पट भरते. डांबरी रस्त्यावर कमी श्रमात लांब अंतर कापणे, हे रोड बाइकचे काम. स्टँड, कॅरियर, मडगार्ड हे तिच्यावर सहसा नसतात.

यातही दोन प्रकार आहेत. एक शर्यतीचा, ज्यात पाठ बरीच वाकते. दुसरा लांब पल्ल्याचा, ज्याला ‘एन्ड्युरन्स’ म्हणतात. यात हँडल थोडे वर आणि जवळ असते, त्यामुळे कंबर आणि मानेवर ताण कमी येतो. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या नवशिक्यासाठी हा दुसरा प्रकारच योग्य.

रोड बाइक हवीच आहे का?

घर ते कार्यालय पाच-सात किलोमीटर, वाटेत खड्डे, सिग्नल आणि पाठीवर लॅपटॉप असे रोजचे चित्र असेल, तर सरळ हँडलची हायब्रिड सायकल अधिक सोयीची. ब्रेक कायम हाताशी राहतात आणि रहदारीत मान वर ठेवून पाहता येते. याउलट शनिवार-रविवारी पहाटे शहराबाहेर पडून ३०, ५० किंवा पुढे १०० किलोमीटर जायचे असेल, तर रोड बाइकचा फायदा कळतो. लांब अंतरावर हँडल धरण्याच्या वेगवेगळ्या जागा मिळणे, हे वेगाइतकेच महत्त्वाचे.

आपण यातले कोण, हे दुकानात उभे राहून ठरत नाही. उत्साहात घेतलेली आणि दोन महिन्यांनी गॅलरीत टॉवेल वाळत घालण्याच्या कामी आलेली महागडी सायकल अनेक सोसायट्यांत सापडेल. त्यामागे दर वेळी आळसच असतो असे नाही. कधी सायकल मापाची नसते, कधी प्रकारच चुकलेला असतो.

आधी भाड्याने का?

तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने एकेकाळी महाराष्ट्रात गावोगावी होती. दांडीखालून पाय घालून चालवायला शिकलेली कित्येक मुले त्याच सायकलींवर घडली. पुण्यात २०१७-१८ मध्ये ॲपवर चालणाऱ्या सार्वजनिक सायकली आल्या, पण त्या शहरातल्या जवळच्या फेऱ्यांसाठी होत्या. रोड बाइक भाड्याने हवी असेल, तर मोठ्या शहरांतील सायकल विक्रेत्यांकडे किंवा स्थानिक सायकलपटूंच्या गटांत चौकशी करावी लागते.

यामागचे गणित साधे आहे. समजा, ६० हजारांची सायकल घेतली आणि चार महिन्यांनी ४० हजारांना विकावी लागली, तर ही शिकवणी २० हजारांना पडली. दिवसाचे भाडे ५०० रुपये धरले, तर महिन्यातील आठ फेऱ्यांचे चार हजार होतात. एवढ्यात आपण पहाटे खरोखर उठतो का, ढब सोसते का, कोणत्या चढावर गिअर संपतात, हे सगळे कळते.

शक्य असल्यास दोन वेगळ्या मापांच्या सायकली भाड्याने घ्याव्यात. प्रत्येक फेरीनंतर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : अंतर, शरीरात कुठे दुखले आणि कोणत्या चढावर उतरून चालावे लागले. खरेदीच्या वेळी हा कागद माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

भाड्याने घेताना काय तपासावे?

अनामत रक्कम, परत करण्याची वेळ, पंक्चर किंवा मोडतोडीचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे. आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवावेत. दोन्ही चाके उचलून फिरवावीत. ती डुगडुगत असतील किंवा ब्रेकला घासत असतील, तर दुसरी सायकल मागावी. सुटी ट्यूब, छोटा पंप आणि टायर काढण्याचे लिव्हर सोबत आहेत का, हे पाहावे.

पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे, हे निघण्यापूर्वी जरूर तपासावे. मोटारसायकलीचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. परदेशी पद्धतीने जोडलेल्या सायकलीत तो डाव्या हाताला असू शकतो. सवयीने चुकीचा ब्रेक जोरात दाबला, तर उतारावर तोल जाऊ शकतो. बुटात अडकणारे पायडल सुरुवातीला नकोत, साधे सपाट पायडल बसवून घ्यावेत.

माप कसे ठरवावे?

‘हेच माप शिल्लक आहे, सीट खाली केली की बसेल’ हे वाक्य दुकानात ऐकू आले, तर थांबावे. सीट वर-खाली होते, पण सांगाडा लहान-मोठा होत नाही. मोठ्या सांगाड्यावर सीट खाली केली, तरी हँडल दूरच राहते. मग हात ताणले जातात, खांदे आखडतात आणि तळहात बधिर होतात. कमी उंचीच्या व्यक्तींना, विशेषतः महिलांना, ही अडचण अधिक येते. कारण लहान मापाची सायकल दुकानात तयार असतेच असे नाही. अशा वेळी सवलतीपेक्षा मापासाठी थांबणे फायद्याचे.

उंचीपेक्षा पायांचे माप अधिक उपयोगी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. जाडसर पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट सरकवावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. या आकड्याला ०.८८३ ने गुणले, की सीटची अंदाजे उंची मिळते. ७८ सेंटिमीटर माप असेल, तर ही उंची सुमारे ६९ सेंटिमीटर येते. ती पायडलचे दांडे ज्या मध्यबिंदूभोवती फिरतात, तिथपासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत मोजायची.

टेप नसेल, तर टाच पायडलवर ठेवून ते अगदी खाली न्यावे. पाय सरळ झाला, तर उंची जवळपास बरोबर. मग चवडा पायडलवर ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल, तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या बाजूला दुखत असेल, तर वर.

सांगाड्याचे माप कंपनीच्या तक्त्यावरून निवडावे, पण निर्णय बसून घ्यावा. आडव्या दांडीवर दोन्ही पाय टेकवून उभे राहता आले पाहिजे. ब्रेकच्या रबरी मुठींवर हात ठेवल्यावर कोपरे किंचित वाकलेली राहिली पाहिजेत. दुकानाच्या दारात एक चक्कर मारून हे कळत नाही, किमान १५-२० मिनिटांची फेरी मागावी.

गिअर, ब्रेक आणि टायर यांत काय पाहावे?

गिअरची संख्या मोजण्यापेक्षा सर्वांत हलका गिअर पाहावा. पुढच्या लहान चकतीला ३४ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीलाही ३४ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते. म्हणजे सायकल साधारण २.१ मीटर पुढे जाते. पुढे ३९ आणि मागे २५ दाते असतील, तर एका फेऱ्यात सुमारे ३.३ मीटर जावे लागते. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवणार नाही. सिंहगडाच्या किंवा कात्रजच्या चढावर मात्र तो थेट गुडघ्यांना कळतो.

शिमानो या जपानी कंपनीच्या गिअर संचांमध्ये मागे ८ चकत्यांचा क्लॅरिस आणि ९ चकत्यांचा सोरा नवशिक्याला पुरेसे आहेत. त्यांची साखळी आणि सुटे भाग महागड्या संचांपेक्षा स्वस्त पडतात.

पावसाळ्यात आणि घाटाच्या उतारावर डिस्क ब्रेक अधिक भरवशाचे, कारण ओल्या रिमवर रबर लगेच पकड घेत नाही. रिम ब्रेक हलके, स्वस्त आणि घरी दुरुस्त करण्याजोगे असतात. बजेट मर्यादित असेल आणि सायकल मुख्यतः कोरड्या दिवसांत चालवायची असेल, तर चांगले रिम ब्रेकही चालतील.

टायर २८ मिलिमीटरचे घ्यावेत आणि सांगाड्यात ३२ मिलिमीटर बसण्याइतकी जागा असेल, तर उत्तम. आपल्या रस्त्यांवर २३ मिलिमीटरच्या टायरचा हट्ट धरू नये. टायरच्या कडेला कमाल दाब छापलेला असतो, पण तितकी हवा भरलीच पाहिजे असे नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. रोड बाइकच्या ट्यूबला बहुतेक वेळा ‘प्रेस्टा’ हा अरुंद व्हॉल्व्ह असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. पितळेचा छोटा ॲडॉप्टर खिशात असला, की काम भागते.

बजेट कसे मांडावे?

हाती ५० हजार असतील, तर सायकलीसाठी ४० हजारच धरावेत. उरलेल्या पैशांत हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, दाब दाखवणारा पंप, दोन सुट्या ट्यूब, कुलूप, बाटली आणि गादीची सायकलिंग पँट बसवावी. सायकल चालवताना हेल्मेट घालण्याची सक्ती मोटार वाहन कायद्यात नाही. म्हणून ते ऐच्छिक समजू नये. त्यावर ‘ईएन १०७८’सारख्या मानकाचा उल्लेख पाहावा.

पहिली मोफत सर्व्हिसिंग कधी, सुटे भाग किती दिवसांत मिळतात आणि दुकान घरापासून किती लांब आहे, हेही किमतीइतकेच महत्त्वाचे. नव्या सायकलीच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत सैलावतात, गिअर पुन्हा जुळवावे लागतात. त्यासाठी दर वेळी ४० किलोमीटर जावे लागणार असेल, तर स्वस्त सायकलही महाग पडते.

जुनी सायकल घेणे कितपत शहाणपणाचे?

माप बरोबर असेल, तर कमी पैशांत चांगली सायकल मिळू शकते. मूळ बिल मागावे आणि त्यावरील क्रमांक सांगाड्याच्या तळाशी कोरलेल्या क्रमांकाशी जुळवावा. जोडांजवळ रंगात बारीक भेग दिसली, तर सौदा सोडावा. कार्बनच्या सांगाड्याची आतली इजा बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पहिल्या खरेदीत जुना कार्बन टाळलेला बरा.

साखळी पट्टीने मोजता येते. नव्या साखळीच्या एका पिनेपासून पुढच्या २४व्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर १२ इंच असते. ते १२ इंच आणि एक-अष्टमांश झाले असेल, तर साखळी तर गेलीच, मागच्या चकत्याही झिजल्या असण्याची शक्यता मोठी. हा खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

पहिल्या महिन्यात कसे चालवावे?

चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून सुरुवात करावी. पहिले दोन आठवडे १५ ते २० किलोमीटर, सपाट रस्त्यावर आणि उजेडात. जड गिअरवर जोर लावण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ७० ते ९० फेरे मारणे गुडघ्यांना मानवते. बाटली काढणे, मागे वळून पाहणे, एका हाताने इशारा देणे या गोष्टी रिकाम्या मैदानात शिकाव्यात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतूवर सायकलला परवानगी नाही, हे मार्ग आखताना लक्षात ठेवावे.

सराव टिकला, तर पुढचे ध्येयही जवळच आहे. ‘ब्रेव्हे’ या लांब पल्ल्याच्या उपक्रमात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. ही शर्यत नव्हे. क्रमांक कोणालाच मिळत नाही, वेळेत पोहोचणे पुरे. वाटेतले थांबे धरून ताशी सरासरी १५ किलोमीटरही लागत नाहीत. महागड्या सायकलीवाचून हे अंतर कापता येते. मापाच्या सायकलीवाचून मात्र ते फार कठीण जाते.