हत्यारांची ओळख, भाग 6 : कॉर्डलेस ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरची जोडी

मागच्या भागात अँगल ग्राइंडर पाहिला. त्याला बोर्ड लागतो, वायर लागते, आणि बीड जिल्ह्यात घाम येतो तो नेमका तिथेच. शेतीच्या फीडरची वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. शेळ्यांचं शेड, शेडनेटचा सांगाडा, सौर पंपाचं स्ट्रक्चर ही कामं निघतात ती मात्र बोर्डापासून चार शेतं लांब. म्हणून बॅटरीवरच्या मशीनची चौकशी आता गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत सगळीकडे होते. दुकानदार एका पेटीत दोन मशीन, दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर दाखवतो. दोन्ही मशीन पिस्तुलासारखीच दिसतात. मग दोन कशाला, हा पहिला प्रश्न.

ड्रिल हे भोक पाडायचं मशीन. पुढे तीन जबड्यांचा चक असतो, त्यात 10 किंवा 13 मिलिमीटरपर्यंतचा गोल बिट बसतो. चकच्या मागे आकडे लिहिलेलं कडं असतं, तो क्लच. कडं 5 वर ठेवलं की तेवढा जोर लागताच आतला क्लच घसरतो, कर्रर्र आवाज येतो आणि स्क्रू फिरायचा थांबतो. मऊ लाकडात, प्लायमध्ये, बिजागरीच्या छोट्या स्क्रूला हा क्लच फार मोलाचा.

इम्पॅक्ट ड्रायव्हरला चक नसतो, षटकोनी दांड्याचा बिट सरळ आत जाऊन अडकतो. आत एक स्प्रिंग, एक हातोडा आणि एक ऐरण असते. स्क्रू सहज जातोय तोवर सगळं एकत्र फिरतं. स्क्रू अडला की हातोडा मागे सरकतो आणि फिरता फिरता ऐरणीच्या कानांवर आदळतो, मिनिटाला तीन हजारांहून जास्त वेळा. हा ठोका फिरण्याच्या दिशेनं बसतो. म्हणून 150-180 न्यूटन-मीटरचा जोर लागूनही मनगट पिळत नाही. ड्रिलचं तसं नाही. 18 व्होल्टचं ड्रिल 50-60 न्यूटन-मीटरचंच असतं, पण तो सगळा जोर हातावर येतो. लोखंडी अँगलमध्ये भोक आरपार होताना बिट अडकला की मशीन हाताला झटका देऊन फिरतं. शिडीवर उभं असताना हा झटका माणसाला खाली आणू शकतो. लोखंडात भोक पाडताना गिअर एकवर, वेग कमी, तेलाचा थेंब आणि बाजूचा दांडा असेल तर दुसरा हात त्यावर, एवढं पाळाच.

दुकानात नुसतं ‘इम्पॅक्ट’ मागू नका. इम्पॅक्ट ड्रिल म्हणून मिळतं ते भिंतीसाठी, त्याचा ठोका पुढच्या दिशेनं, बिटाच्या लांबीत बसतो. बॉशच्या पेट्यांवर जीएसआर म्हणजे साधं ड्रिल, जीएसबी म्हणजे भिंतीचा ठोका असलेलं आणि जीडीआर म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. जोडी घ्यायची तर माझं मत जीएसबी आणि जीडीआर या जातीची, कंपनी कोणतीही असो. ड्रिलला विटेच्या भिंतीचीही सोय होते.

आता पत्र्याचं काम. पूर्वी पत्रा जे-हूकनं आवळायचे, आता सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आलेत. टोकाला स्वतःचाच बिट, षटकोनी डोकं आणि डोक्याखाली रबराचा वायसर. इम्पॅक्ट ड्रायव्हरनं हे स्क्रू भराभर जातात, आणि घोळ होतो तो इथेच. स्क्रू टेकल्यावर अर्धा सेकंद जास्त ट्रिगर दाबला की रबर चेपून धातूच्या कडेबाहेर येतं, पत्र्याला खळगा पडतो. त्या खळग्यात मृगाच्या पहिल्या पावसाचं पाणी साचतं आणि स्क्रूच्या वाटेनं घरात उतरतं. रबर किंचित फुगून कडेला जेमतेम आलेलं दिसलं की थांबायचं. नवशिक्यानं पत्र्यावर इम्पॅक्टऐवजी ड्रिलचा क्लच वापरावा. काम थोडं सावकाश होईल, पण वायसर शाबूत राहील.

सौर पंपाच्या स्ट्रक्चरचा मामला वेगळा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे असे सांगाडे आता गावोगाव उभे आहेत आणि ते बसवणाऱ्या पोरांच्या हातात इम्पॅक्ट ड्रायव्हर असतोच. पॅनलचे क्लॅम्प स्टेनलेसच्या एम-8 बोल्टवर असतील तर त्यांना साधारण 15 ते 20 न्यूटन-मीटर पुरतात. शिवाय स्टेनलेसचा एक गुण आहे. वेगानं फिरवला की आटे तापतात, एकमेकांना चिकटतात आणि नट तिथेच जाम होतो. मग तो पुढेही जात नाही, मागेही येत नाही, कापावाच लागतो. नट बोटांनी लावा, मशीननं हळू टेकवा, शेवटचा पीळ टॉर्क रेंचनं द्या. उलट ट्रॅक्टरच्या चाकाचे नट इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या आवाक्यातले नव्हेत. अडॅप्टर लावून पाहणारे अडॅप्टर मोडतात. त्याला अर्धा इंची चौकोनी दांड्याचा इम्पॅक्ट रेंच हवा.

काळ्या दगडाच्या जुन्या भिंती, वाडे, विहिरीचं बांधकाम ही या जोडीची कामं नाहीत. आपला बेसाल्ट या मशीनना दाद देत नाही, बिटाचं टोक तेवढं जळतं. तिथे एसडीएसचा रोटरी हॅमर भाड्यानं आणावा. त्याच्यावर पुढचा भाग आहे.

खरी निवड करायची ती बॅटरीची. सेटच्या किमतीतला मोठा वाटा तिचाच असतो, आणि फसवणूकही तिच्यावरच्या आकड्यांतच होते. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरला की 4.2 चा. पाच सेल ओळीत जोडले की 18 व्होल्ट, भरलेले असताना 21. म्हणजे 18, ‘20 मॅक्स’ आणि 21 ही एकाच बॅटरीची तीन नावं. बाजारात मात्र 48, 88, 98 असे आकडे छापलेल्या बॅटऱ्याही मिळतात. 98 व्होल्ट खरे असतील तर ओळीत 27 सेल हवेत. 18650 जातीचा सेल साधारण 45-48 ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन सव्वा किलोच्या आसपास. बॅटरी हातात घ्या, काट्यावर ठेवा. अर्धा किलोही भरत नसेल तर छापलेला आकडा खोटा आहे, हे तिथेच कळतं.

तीच गोष्ट अँपिअर-तासाची. या आकाराच्या सेलची मजल जास्तीत जास्त साडेतीनच्या आसपास जाते. पाच सेलांच्या बॅटरीवर 15 लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नका. चांगल्या कंपनीची 2 अँपिअर-तासाची बॅटरी पाच सेलांची, 4 ची बहुधा दहा सेलांची. 18 गुणिले 4 म्हणजे 72 वॅट-तास, काम किती होणार ते या आकड्यावरून ताडता येतं. बॅटरीवर बीआयएसची खूण, आयएस 16046 हा मानक क्रमांक आणि R नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हेही बघा.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. म्हणून पहिली बॅटरी घेताना पुढची चार हत्यारंही ठरून जातात. ज्यांच्यासोबत काम करता त्यांच्याकडे कोणत्या बॅटऱ्या आहेत ते विचारा, आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे तेही. सुतारकाम, मॉड्युलर फर्निचर, वायरिंग एवढंच असेल तर 12 व्होल्टची हलकी जोडी पुरते. लोखंड आणि पत्रा असेल तर 18 व्होल्ट. रोज वापर असेल तर ब्रशलेस घ्या, त्यात कार्बन घासत नाही आणि त्याच बॅटरीवर काम जास्त होतं.

जुने कारागीर सांगतात, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. ब्लॅक अँड डेकरनं 1961 साली पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं ते निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर, आणि पुढे कित्येक वर्षं तीच बॅटरी चालली. ही शिकवण त्या काळातली. लिथियमला ती लागू नाही, उलट पार उतरवल्यानं लिथियम खराब होतं. मशीनचा जोर मंदावला की बॅटरी काढा.

तिचा खरा शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली आणि गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. 45 अंशांवर लिथियम चार्ज करू नये. चांगला चार्जर तापलेली बॅटरी घेतच नाही, दिवा लुकलुकत राहतो, स्वस्तातल्या चार्जरमध्ये तेवढी अक्कल असेलच असं नाही. काम झाल्यावर बॅटरी अर्धा तास सावलीत ठेवा, मग लावा. उन्हाळ्यात पहाटेची वेळ सगळ्यात बरी.

धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज या भागांत दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्याच कुणा पोरानं उन्हाळ्या-पावसाळ्यात फॅब्रिकेशन करायला ही जोडी घेतलेली असते. जाताना बॅटरी मशीनमधून काढा. चारपैकी दोन दिवे जळतील एवढीच भरलेली ठेवा. पत्र्याच्या खोलीत नको, दगडी भिंतीच्या थंड खोलीत, कोरड्या डब्यात ठेवा. परतल्यावर वापरायच्या आधी एकदा पूर्ण चार्ज करा, आणि बॅटरी कुठे फुगलेली दिसली तर चार्जरला लावूच नका.