आधी वीजबिल दाखवा

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांच्या वतीनं त्यांचे व्हेंडर तपासणं हे माझं काम. माझ्या हातातल्या प्रश्नावलीत पर्यावरण, सुरक्षा, कामगारांचे हक्क अशी प्रकरणं असतात आणि बहुतेक प्रश्नांपुढे 'होय' आधीच भरलेलं असतं. सांडपाणी शुद्ध करून सोडता का? होय. ओव्हरटाइम दुप्पट दरानं देता का? होय. म्हणून मी फाइल बाजूला सारते आणि ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, वीजबिल मागते. वेगळा मीटर असला तर फारच छान. पंप महिनाभर चालले असतील तर युनिट दिसतातच.

गाडी असो की पंप, मोठ्या कंपनीच्या मालातले बरेच सुटे भाग बाहेर बनतात. कंपनी टियर-वन व्हेंडरकडून तयार जोडणी घेते, तो प्रेसचा भाग टियर-टूकडून घेतो आणि टियर-टू तोच भाग प्लेटिंगला मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये पाठवतो. कंपनीच्या गेटच्या आत हिरवळ असते. धूर, आम्ल आणि बोटं तुटण्याचा धोका गेटच्या बाहेर राहतो. दर, दर्जा आणि वेळ यांच्या जोडीनं 'हा माल बनला कसा' हेही खरेदीच्या अटींत आणायचं, याला जबाबदार खरेदी म्हणतात. आयएसओनं २०१७ मध्ये त्यासाठी २०४०० क्रमांकाचं मानक काढलं. ते फक्त मार्गदर्शन करतं, त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. सेबीनं मात्र २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल, सक्तीचा केला. कच्च्या मालातला किती टक्के माल शाश्वत पद्धतीनं घेतला, हे त्यात सांगावं लागतं.

खरेदीदाराच्या हातात किती ताकद असते ते प्लेटिंगच्या धंद्यात दिसतं. पूर्वी नट-बोल्टवर पिवळसर, इंद्रधनुषी झाक असायची. ती हेक्साव्हॅलंट क्रोमियमची, आणि ते कर्करोगकारक आहे. युरोपीय संघानं १ जुलै २००७ पासून गाड्यांच्या गंजरोधक थरात ते वापरायला बंदी केली. निर्यातीच्या ड्रॉइंगवरची टीप बदलली आणि इथल्या शेडमधली टाकीही बदलली. हेक्साव्हॅलंटच्या जागी ट्रायव्हॅलंट क्रोमियम आलं. कुणी भाषण दिलं नव्हतं. माल परत येईल, एवढी भीती पुरली.

पण ही बंदी भागावर काय उरतं एवढंच बघते. चकचकीत क्रोम केलेला दांडा घ्या. त्यावरचा थर शुद्ध धातूचा, त्यात हेक्साव्हॅलंट नावालाही नाही. प्रयोगशाळा त्याला बिनधास्त पास करते. ज्या टाकीत तो बुडवला तिच्यात मात्र अनेक ठिकाणी आजही हेक्साव्हॅलंटच असतं, आणि दांडा धुतल्यावर ते पाण्यात उतरतं. त्या पाण्यात आधी आम्ल घालून सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळं पाणी हिरवट झालं की चुना घालून गाळ खाली बसवायचा, आणि तो गाळ फॉर्म १० भरून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवायचा, अशी रीत आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबानं पाण्यात गेलेल्या दर किलो हेक्साव्हॅलंट क्रोमियमला पावणेतीन किलोच्या आसपास मेटाबायसल्फाइट लागतंच. क्रोमिक आम्लाची पिंपं महिन्याच्या महिन्याला येतायत आणि मेटाबायसल्फाइटचं पोतं वर्षातून एकदा, तर पाणी कुठे गेलं ते मला नाल्यापर्यंत जाऊन बघावं लागत नाही.

प्रेस शॉपमध्ये मी मशीनपेक्षा बटणं बघते. पॉवर प्रेस चालवताना दोन्ही हात दोन बटणांवर हवेत, म्हणजे डायमध्ये हात जाणार नाही. समोर लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, हवा. मध्ये काही आलं तर रॅम जागीच थांबतो. एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं असलं की मी ऑपरेटरलाच विचारते. उत्तर बहुधा एकच: "मॅडम, दोन्ही हात लावले तर शेड्यूल निघत नाही." वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत तुटणाऱ्या बोटांचा हिशेब 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाच्या अहवालांतून मांडते आहे. त्यातही पॉवर प्रेसच पुढे आहे.

त्या ऑपरेटरच्या वाक्याचं मूळ शोधायला व्हेंडरची केबिन सोडून खरेदीदाराच्या ऑफिसात जावं लागतं. तिथला पर्चेस मॅनेजर दरवर्षी त्याच भागाचा दर थोडा कमी करून मागतो. शुक्रवारी संध्याकाळी सोमवारचं शेड्यूल वाढवून पाठवतो. त्याच कंपनीचा दुसरा विभाग मला पाठवतो आणि ओव्हरटाइम का झाला म्हणून विचारतो. एका व्हेंडरनं मला चहा देता देता सुनावलं, "ताई, तुमच्या लाइट कर्टनचे पैसे दरात कुठे धरलेत, तेवढं दाखवा." दरपत्रकात स्टील, मजुरी, पॅकिंग, वाहतूक असे रकाने होते. त्याला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

पैसे वेळेवर देणं हाही जबाबदार खरेदीचाच भाग आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकतं करायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यायचं. व्याज मागून गिऱ्हाईक कोण घालवणार? म्हणून तो हक्क कागदावर राहिला. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातल्या ४३बी(एच) कलमानं खरेदीदाराच्याच खिशाला हात घातला: मुदत उलटली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजावटीला धरता येत नाही. ज्याचं बिल चार महिने अडकलंय तो ईटीपीचा पंप चालवण्याआधी कामगारांचा पगार करणार, हे उघड आहे.

माझ्या मते व्हेंडरला सत्तर प्रश्न विचारणाऱ्या कंपनीनं आधी स्वतःला तीन विचारावेत: सुरक्षेचा आणि सांडपाण्याचा खर्च दरात धरला का, शेड्यूल किती दिवस आधी दिलं, आणि बिल किती दिवसांत दिलं? तिसऱ्याचं उत्तर तुम्हालाही मिळू शकतं. बीआरएसआरच्या गाभ्यातल्या निर्देशांकांत देणी चुकवायला सरासरी किती दिवस लागतात तो आकडा असतो. एखाद्या कंपनीचे शेअर घेतले असतील तर वार्षिक अहवालातली वृक्षारोपणाची पानं उलटून तेवढं पान काढा आणि सर्वसाधारण सभेत त्या आकड्याबद्दल विचारा. तो प्रश्न व्हेंडरला विचारता येत नाही, तुम्हाला येतो.